सॉफ्टवेअर तर सगळ्यांनाच विकत मिळतं

नमस्कार मंडळी. माहिती-तंत्रज्ञानाच्या जोरावर व्यवसायात आघाडी कशी घ्यायची, असा विषय मला दिला आहे. या विषयावर बोलताना अमेझॉन, गूगल अशी नावं घेतली की श्रोते माना डोलावतात आणि बाहेर पडल्यावर म्हणतात, ‘त्यांचं काय हो, ते मोठे लोक.’ म्हणून मी एक जुनं उदाहरण घेतो. त्यात इंटरनेट नाही, मोबाइल नाही, तरी सगळं नाटक आहे.

अमेरिकन एअरलाइन्सने आयबीएमच्या मदतीने सेबर नावाची संगणकावर चालणारी आरक्षण प्रणाली उभी केली. १९६४ पर्यंत कंपनीची सगळी आरक्षणं तिच्यावर आली. १९७६ पासून त्यांनी या प्रणालीचे पडदे थेट ट्रॅव्हल एजंटांच्या टेबलांवर नेऊन बसवायला सुरुवात केली. एजंटाला त्यावर इतर कंपन्यांची उड्डाणंही दिसायची. फक्त अमेरिकनची उड्डाणं वरच्या ओळींत यायची. आता एजंटाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. समोर गिऱ्हाईक बसलंय, दुसरं फोनवर खोळंबलंय. तो कशाला चार पडदे पालटत बसतोय? पहिल्या पडद्यावर, जमलं तर पहिल्या ओळीतच तो तिकीट काढून मोकळा होणार. कंपनीला हे पक्कं ठाऊक होतं. युनायटेड या प्रतिस्पर्धी विमान कंपनीनेही आपल्या अपोलो प्रणालीत हाच खेळ केला.

मग छोट्या विमान कंपन्यांनी ओरड केली आणि १९८४ मध्ये सरकारी नियमाने हा पक्षपात बंद झाला. उघड्या डोळ्यांना दिसणारी आघाडी अशीच जाते. प्रतिस्पर्धी तिची नक्कल करतो किंवा तक्रार तरी करतो.

खरी गंमत पुढे आहे. १९८५ च्या सुरुवातीला अमेरिकन एअरलाइन्सने अत्यंत स्वस्त तिकिटं काढली. पीपल एक्स्प्रेस नावाची नवी कंपनी तेव्हा कमी भाड्याने बाजार खात होती, तिला हे उत्तर होतं. पण सगळ्याच खुर्च्या स्वस्तात विकल्या तर धंदा बुडालाच. प्रश्न असा, की एका विमानातल्या किती खुर्च्या आधी स्वस्तात द्यायच्या आणि किती राखून ठेवायच्या? शेवटच्या दिवशी कामासाठी धावत येणारा प्रवासी पूर्ण भाडं देतो, त्याला जागा हवी. जागा जास्त राखली तर विमान रिकामं उडतं. कमी राखली तर तोच प्रवासी दुसरीकडे जातो. शिवाय आरक्षण करून न येणारे असतातच.

याचं उत्तर अंदाजाने देता येत नाही. कोणत्या मार्गावर, कोणत्या वारी, उड्डाणाच्या किती दिवस आधी किती तिकिटं जातात आणि किती रद्द होतात, हे सगळं सेबरमध्ये साठत होतं. त्यावरून प्रत्येक उड्डाणाचा वेगळा हिशोब मांडता येत होता. पीपल एक्स्प्रेसकडे असा हिशोब करणारी यंत्रणाच नव्हती. १९८६ मध्ये ती विकली गेली. तिचं भराभर विस्तारणंही तिला नडलं, एकट्या संगणकाने तिला मारलं असं मी म्हणणार नाही. पण हा हिशोब कुणाच्या पडद्यावर दिसत नव्हता, त्यामुळे त्यावर बोट ठेवून तक्रार करायची सोयही नव्हती.

२००३ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये एका लेखाने बरीच खळबळ उडवली होती. त्याचं म्हणणं असं, की माहिती-तंत्रज्ञान आता विजेसारखं झालंय. सगळ्यांकडे आहे, म्हणून ते कुणालाच आघाडी देत नाही. मला हे अर्धं पटतं. यंत्र सगळ्यांना मिळतं, हे खरंच. यंत्राभोवती कामाची घडी कशी बसवायची, हे मात्र विकत मिळत नाही. सल्लागार ते विकतात, हा भाग वेगळा.

आणि घडी विस्कटली तर आघाडी राहू द्या, आहे तेही जातं. नाइट कॅपिटल ही अमेरिकेतली शेअर व्यवहार करणारी बडी कंपनी. नवा प्रोग्रॅम आठ सर्व्हरांवर चढवायचा होता, तो सातांवरच चढला. आठव्यावर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड पडून होता. १ ऑगस्ट २०१२ ला बाजार उघडताच तो जागा झाला आणि भलत्याच ऑर्डरी सोडत सुटला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. बाजार उघडण्याआधी याच गडबडीचा उल्लेख असलेले ९७ ईमेल प्रणालीने कर्मचाऱ्यांना पाठवले होते. ते धोक्याची सूचना म्हणून वाचायचं काम मात्र कुणाकडे सोपवलेलंच नव्हतं. आठव्या सर्व्हरवर प्रोग्रॅम चढला का, हे दुसऱ्या माणसाने तपासायचं, असा लेखी नियमही नव्हता. याला मी तंत्रज्ञानाचं अपयश म्हणत नाही, व्यवस्थापनाचं म्हणतो.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल विचाराल, म्हणून आधीच सांगतो. ती सगळेच भाड्याने घेणार आहेत, तुमचा प्रतिस्पर्धीही. फरक पडेल तो तिच्यापुढे तुम्ही कोणत्या नोंदी ठेवता याने. तुमच्या कंपनीत जाऊन एक गोष्ट बघा. ऑर्डर रद्द करताना ‘कारण’ म्हणून एक रकाना भरावा लागतो. त्यात यादी असते: भाव, उशीर, खराब माल, आणि तळाशी ‘इतर’. ज्याला दिवसभर असे फॉर्म भरायचे आहेत, तो ‘इतर’ निवडतो, कारण त्यानंतर पुढचा प्रश्न येत नाही. वर्षभराने संचालक मंडळ विचारतं, गिऱ्हाइकं का जातात? तेव्हा अहवालात ‘इतर’ हेच सगळ्यात मोठं कारण निघतं. नवं सॉफ्टवेअर घेण्याआधी त्या माणसाशेजारी एक दिवस बसा, यादीतली कारणं त्याच्या तोंडून ऐकून नव्याने लिहा आणि महिन्याअखेरीला त्या नोंदींचं काय झालं हे त्यालाही दाखवा. या कामाला निविदा काढावी लागत नाही.

आता प्रश्न घेऊ या.