थोरली, धाकटा आणि हातचा एक

(दृश्य : नागपूर, नंदनवन. संध्याकाळ. स्वयंपाकघराच्या फरशीवर दोन दप्तरं, एक पाटी.)

"त्रेपन्नातून सव्वीस. तिनातून सहा जात नाहीत. मग?"
"हातचा घ्यायचा."
"कुठून?"

धाकटा गप्प. ताईही अडखळते. हातचा घ्यायचा हे तिला पाठ आहे. कशातून, ते सांगायची वेळ आजच आली. मग पाटीवर पाच जुड्या काढते. "एक जुडी सोड नं बे. दहा सुटे झाले का नाही?"

ओट्याजवळून आजीचा शेरा येतो : "मोठी हाय नं, म्हणून समजदार. लहाना नुसता लाडावला."

आजीचं हे मत तसं जुनं. १८७४ मध्ये फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञांनी इंग्लंडमधल्या नामवंत शास्त्रज्ञांची माहिती जमवली, तर त्यात थोरले मुलगे जास्त निघाले. स्वतः गाल्टन मात्र नऊ भावंडांतलं शेंडेफळ!

पुढे नॉर्वेत सैन्यभरतीच्या चाचण्या हाती आल्या, सुमारे २.४ लाख तरुणांच्या. २००७ मध्ये निष्कर्ष आला : बुद्ध्यंकात पहिला दुसऱ्याच्या पुढे, सरासरी सुमारे २.३ गुणांनी. एवढ्याशा फरकावरून समोरचा थोरला की धाकटा, हे कुणी ओळखू शकणार नाही. पण त्यातली खरी गंमत पुढे आहे. ज्या घरात पहिलं मूल तान्हेपणीच गेलं आणि दुसराच थोरला म्हणून वाढला, तिथे त्याचे गुण थोरल्यांच्या बरोबरीचे. म्हणजे कारण गर्भात नाही, घरात शोधायला हवं. कदाचित या पाटीवरच. शिकवणाऱ्याचंही शिकणं होतंच की.

आणि स्वभाव? २०१५ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या २०,००० हून अधिक लोकांची माहिती तपासली. बुद्ध्यंकातला किंचित फरक पुन्हा दिसला; पण मनमिळाऊपणा, शिस्त, बोलकेपणा यांचा जन्मक्रमाशी काही संबंध लागला नाही. आजीची नजर चुकत नाही, हिशेब चुकतो. आठ वर्षांच्या पोराशेजारी अकरा वर्षांची पोरगी समजूतदार दिसणारच. वयाचा फरक आपण स्वभावाच्या खात्यावर मांडतो.

(दृश्य : दीक्षाभूमीचा स्तूप.)

बाबासाहेब हे रामजी सकपाळांचं चौदावं अपत्य. सरासरीचे दोन गुण इथे कुठे मांडणार?

(दृश्य : नंदनवनची गल्ली. लंगडीचा डाव.)

ताई खाली आली आहे. इथे वयानं सगळ्यांत लहान तीच. बाद झाली, तरी रिंगणाबाहेर जायला तयार नाही. डोळे भरलेत.