मुळातली लहर
(लघु माहितीपटाचे निवेदन)

(दृश्य : खिडकीकडे पाठ करून बसलेली तरुणी, खांद्याखाली आलेले मोकळे केस, बाहेर पावसाची सर)

श्रावणातला मंगळवार आहे. ठाण्यातल्या या घरात दुपारचे तीन वाजले आहेत आणि स्टुलावर बसलेल्या या मुलीला आज रात्री थोरल्या बहिणीच्या पहिल्या मंगळागौरीच्या जागरणाला जायचे आहे. त्यासाठी ती आपल्या केसांची मुळातली लहर कर्लरने, म्हणजे केस गुंडाळायच्या तापणाऱ्या रुळाने, जिथे दबली आहे तिथे पुन्हा उठवणार आहे. तिचे केस नीट पाहा. भांगापासून कानापर्यंत ते जवळजवळ सरळ उतरतात, कानाखाली मात्र प्रत्येक बट एक सैल वळण घेते, चार बोटे खाली गेल्यावर दुसरे घेते आणि टोकाशी किंचित आत वळून थांबते. हे वळण कोणी घातलेले नाही. तिच्या आईचे केस असेच आहेत, आजीचेही असेच होते, आणि तिघींनीही शाळेची सगळी वर्षे ते तेल लावून, चापूनचोपून दोन वेण्यांत बांधून काढली. धड सरळ नाहीत, धड कुरळे नाहीत, म्हणून या केसांना आपल्याकडे ‘पिंजारलेले’ म्हणतात. तो शब्द त्यांच्यावर अन्याय करणारा आहे, असे आम्हाला हे चित्रीकरण करताना पदोपदी वाटत राहिले.

(दृश्य : एका बटेचे अगदी जवळून चित्रण)

केस सरळ उगवणार की वळत जाणार, हे मुख्यतः त्वचेखालच्या केशकूपाच्या, म्हणजे केस जिथून उगवतो त्या खोबणीच्या, आकारावर आणि कलावर ठरते. केशकूप गोल आणि उभा असेल तर केस सरळ येतो. तो लंबगोल आणि तिरका असेल तर केस वळण घेऊनच बाहेर पडतो. अमेरिकेतील केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी १९९०च्या दशकात केसांची चार गटांत विभागणी केली आणि त्यांपैकी दुसरा संपूर्ण गट अशा नागमोडी, लहरी केसांना दिला. कंगवा एक, केसांच्या जाती चार, ही गोष्ट त्यानंतर अनेकींच्या लक्षात आली.

आता या बटेचे खालचे टोक पाहा. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. या मुलीचे केस सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आहेत. म्हणजे आपल्याला आत्ता जे टोक दिसते आहे, ते पावणेचार वर्षांपूर्वी तिच्या टाळूतून बाहेर आले. तिने तेव्हापासून जितक्या वेळा न्हाऊन केस विंचरले, बांधले आणि उन्हात नेले, त्या सगळ्याची झीज या टोकाने सोसलेली आहे. गरम उपकरण हाती घेताना मुळाला आणि टोकाला सारखीच उष्णता देणे का चुकीचे आहे, हे एवढ्यावरून समजावे.

(दृश्य : आदल्या रात्रीचे चित्रण. आई मुलीच्या डोक्याला तेल लावते आहे, वाटीत कोमट खोबरेल)

तयारी खरे तर आदल्या रात्रीच सुरू झाली. आईने वाटीभर खोबरेल कोमट केले, बोटांच्या पेरांनी ते मुळांशी कमी आणि लांबीवर अधिक चोळले आणि नंतर सैल तिपेडी वेणी घातली. या सवयीला आधार आहे. मुंबईतील एका तेल-उद्योगाच्या संशोधन विभागातून २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती, आणि धुण्यात केसांतून जाणारे प्रथिन फक्त खोबरेलाने लक्षणीय प्रमाणात कमी होते, असे दिसून आले होते. खोबरेलातील लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरू शकते. अभ्यास तेल विकणाऱ्यांचाच होता हे खरे, पण आपल्या आज्या जे करत आल्या, त्याच्याशी तो जुळतो.

सकाळी मुलगी केसांवरून न्हाली. शाम्पू फक्त टाळूला लावला, कंडिशनर फक्त लांबीला, आणि गुंता कंडिशनर केसांत असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने, टोकांकडून वर वर येत सोडवला. या मांडणीत थोडीही उलटापालट करू नये. ओला केस ताणला की सहज तुटतो आणि लहरी केसांत गुंता वळणाच्या ठिकाणी बसलेला असतो. वरून खाली कंगवा ओढला तर गुंता न सुटता वळणच ओढले जाते.

(दृश्य : पंचाने केस टिपणारे हात)

हा पंचा पाहा. जाड टॉवेलने केस खसाखसा पुसले की केसांवरचे खवले उचकटतात आणि बटा एकमेकींपासून फाटतात. पातळ सुती पंचाने केस मुठीत धरून, खालून वर उचलत, फक्त दाबून टिपले तर पाणी निघते आणि लहर जशीच्या तशी राहते. परदेशी वाहिन्यांवर याच कामासाठी जुना सुती टी-शर्ट वापरायला सांगतात. आपल्याकडे प्रत्येक घरात पंचा होताच. बाळंतिणीचे न्हाणे झाल्यावर तिचे केस शेगडीवरच्या धुरीने सुकवण्याची पद्धतही आपल्याकडे जुनी आहे. ती पाहिलेल्यांना आठवेल की केस शेगडीपासून हातभर लांब धरले जात आणि सतत हलवले जात. उष्णता जवळ आणायची नाही आणि एका जागी थांबू द्यायची नाही, हा नियम त्या शेगडीपाशीच शिकता येतो.

मुलीने न्हाल्यापासून तीन वाजेपर्यंत केस मोकळे ठेवून सुकवले. पावसाळी हवेत याला चार तासांहून अधिक वेळ लागला, आणि तो वेळ देणे हा या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

(दृश्य : जुनी छायाचित्रे. गॅसच्या ज्योतीवर तापवलेले चिमटे, डोक्यावर तारा टांगलेले केशरचनेचे यंत्र)

तापवलेल्या धातूने केसांना लहर देण्याचा इतिहास थोडा सांगायला हवा. पॅरिसमध्ये मार्सेल ग्रातो या केशरचनाकाराने १८७०च्या दशकात गरम चिमट्यांनी नागमोडी लहर पाडण्याची पद्धत रूढ केली आणि पुढे ती त्याच्याच नावाने ओळखली गेली. त्या चिमट्यांना तापमानाचा काटा नव्हता. ते ज्योतीवर धरायचे, मग कागदाच्या तुकड्यावर टेकवून पाहायचे. कागद तपकिरी झाला तर चिमटा निववायचा, न झाला तरच तो केसांना लावायचा. पुढे १९०६ साली कार्ल नेसलर या जर्मन कारागिराने लंडनमध्ये कायमची लहर देण्याचे यंत्र दाखवले. त्यात सुमारे बारा पितळी रूळ होते, प्रत्येक रूळ सुमारे ९०० ग्रॅम वजनाचा होता, आणि ते टाळूला टेकू नयेत म्हणून छताला लटकवलेल्या वजनांनी तोलून धरावे लागत. या कामाला सुमारे सहा तास लागत. पत्नीच्या केसांवर केलेल्या पहिल्या दोन प्रयोगांत तिचे केस जळून गेले होते. या मुलीच्या हातातल्या कर्लरला तापमानाचा आकडा दिसतो आणि तो आपोआप बंद होतो. कागदाच्या तुकड्यापासून इथवर यायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

(दृश्य : स्टीलच्या ताटावर ठेवलेला कर्लर, छोट्या पडद्यावर १६०)

कर्लरचा रूळ २५ मिलिमीटर जाडीचा आहे आणि तापमान १६० अंश सेल्सिअसवर ठेवले आहे. तापलेला कर्लर लाकडी टेबलावर न ठेवता स्टीलच्या ताटावर ठेवला आहे. केस पातळ असतील तर १३० ते १५० अंश पुरतात. मध्यम जाडीच्या केसांना १५० ते १८० अंश लागतात. उपकरणावर २३० चा आकडा असतो म्हणून तो वापरायलाच हवा, असे नाही. घरात कोणाच्याही केसांना २०० अंशांच्या वर नेण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

उष्णतेपासून बचाव करणारा फवारा मुलीने आधीच मारला आहे आणि तो पूर्ण सुकला आहे. सकाळी धुतल्यावर तिने पुन्हा तेल लावलेले नाही. तेलाची जागा आदल्या रात्री होती.

(दृश्य : शेपटीच्या कंगव्याने केसांचे भाग पाडताना, वरचे केस चापाने बांधलेले)

इथून पुढचे सावकाश पाहा. बहुतेक जणी संपूर्ण डोके रुळावर गुंडाळतात आणि मुळात असलेली लहर पुसून तिच्या जागी सगळीकडे एकसारखी गुंडाळी बसवतात. ही मुलगी तसे करत नाही. तिने आधी केस बोटांनी मोकळे केले, आरशात दोन्ही बाजू पाहिल्या आणि जिथे लहर झोपेत दबली आहे किंवा वेणीने मोडली आहे, तेवढ्याच बटा निवडल्या. कपाळाजवळच्या दोन, कानामागच्या चार, टाळूच्या वरच्या थरातल्या पाच, अशा एकूण अकरा बटा तिने घेतल्या आहेत. बाकीचे केस तिने हात न लावता तसेच ठेवले आहेत.

प्रत्येक बट दोन बोटे रुंद आहे. ती आधी उजेडाकडे धरून तिचे मूळचे वळण उजवीकडे आहे की डावीकडे, ते पाहायचे आणि रूळ त्याच दिशेने फिरवायचा. चेहऱ्याजवळच्या बटा मात्र चेहऱ्यापासून बाहेरच्या बाजूला वळवायच्या. सुरुवात मुळापाशी न करता कानाच्या रेषेपासून करायची आणि शेवटची तीन सेंटिमीटर टोके रुळाबाहेर मोकळी सोडायची; पावणेचार वर्षांची टोके ती हीच. मग मनात आठपर्यंत मोजायचे.

(दृश्य : रूळ अलगद काढला जातो, गरम बट तळहातावर झेलली जाते)

आठ झाले. रूळ उलटा फिरवत काढला, ओढून काढला नाही, आणि गुंडाळी तशीच तळहातावर झेलली. आता मुलगी काहीच करत नाही, फक्त हात धरून बसली आहे, आणि खरे काम याच क्षणी होते आहे. केसातील केराटिन या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींशी असंख्य हायड्रोजन बंधांनी, म्हणजे सहज सुटणाऱ्या नाजूक जोडांनी, जोडलेल्या असतात. उष्णतेने किंवा पाण्याने हे बंध सुटतात आणि केस निवताना किंवा सुकताना, तो ज्या आकारात असेल त्याच आकारात, पुन्हा जुळतात. बट गरम असतानाच खाली सोडली तर तिच्याच वजनाने ती ताणली जाते आणि बंध त्या ताणलेल्या आकारात जुळतात. म्हणून ती पूर्ण निवेपर्यंत तळहातावर ठेवायची, किंवा गुंडाळी डोक्याशी चापाने लावून पुढच्या बटेकडे वळायचे.

रात्री ओलसर केसांची वेणी घालून झोपले की सकाळी लहर दिसते, ती याच बंधांमुळे. आणि श्रावणात घराबाहेर पडताच लहर सैल होते, तीही याच बंधांमुळे, कारण दमट हवेतले पाणी केसात शिरून ते पुन्हा सोडवते. बंध सुटण्या-जुळण्याचा हा खेळ तात्पुरता असतो. गंधकाचे मजबूत बंध मात्र साध्या उष्णतेने बदलत नाहीत, ते रसायनांनीच बदलता येतात.

केस ओले असताना गरम रूळ लावला, तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे तयार होतात आणि त्या जागी तो तुटतो. तेवढा भाग कापून टाकण्यावाचून इलाज नाही. मुलीच्या मानेवरचा हा फिकट डाग गेल्या वर्षीचा, घाईत टेकलेल्या रुळाचा आहे.

(दृश्य : चाप काढले जातात, बोटांनी केस मोकळे होतात)

अकराही बटा निवल्या आहेत. चाप काढल्यावर ती कंगवा घेत नाही. डोके खाली वाकवून बोटे मुळांशी घालते, हलकेच हलवते आणि केस मागे टाकते. घट्ट दिसणाऱ्या गुंडाळ्या मोकळ्या होऊन आजूबाजूच्या केसांत मिसळतात, आणि कोणत्या बटा रुळावरच्या आणि कोणत्या मुळातल्या, हे दोन मिनिटांनी तिच्या आईलाही सांगता येत नाही. चित्रफीत पुन्हा पाहताना आम्हालाही ते सांगता आले नाही.

आई मोगऱ्याचा गजरा घेऊन येते. मंगळागौरीला खोपाच घालावा, असा तिचा सकाळपर्यंत आग्रह होता. आता ती कानामागचे केस थोडे मागे घेते, दोन आकडे लावते आणि गजरा मोकळ्या केसांवरच बांधते.

(दृश्य : ताटावरचा कर्लर, बाहेर पाऊस थांबलेला)

कर्लरची पिन काढलेली आहे. रूळ पूर्ण निवायला अर्धा तास जाऊ द्यायचा आहे, तोवर वायर गुंडाळायची नाही. रूळ निवल्यावर फवाऱ्याचा थर ओलसर फडक्याने पुसायचा आहे, कारण तो साठला की पुढच्या वेळी केसांना चिकटतो. आईने फडके ताटाशेजारी आणून ठेवले आहे.