कपाट लहान नसते, मोजलेले नसते

सभ्य स्त्रीपुरुषहो, झोपण्याच्या खोलीतले कपाट दार लावताना आतून ढकलू लागले की आपल्याला नव्या कपाटाची स्वप्ने पडू लागतात. बेत जमत नाही, म्हणून आपण निदान प्लॅस्टिकचे डबे आणि खण तरी विकत आणतो, आणि काही दिवसांतच त्या डब्यांचीच कपाटात अडचण होऊ लागते. माझे सांगणे असे आहे की दाटीने भरलेल्या कपाटातही पुष्कळ जागा रिकामी असते, फक्त ती हाताला येणार नाही अशा ठिकाणी असते; म्हणून पैसे काढण्याआधी मोजपट्टी काढावी.

कपाटाचे दार उघडून त्यासमोर नीट उभे राहा आणि टांगलेल्या शर्टांच्या खाली पाहा. हँगरसकट शर्ट साधारण 95 ते 100 सेंटिमीटर लांब भरतो. दांडी जमिनीपासून 180 सेंटिमीटरांवर असेल, तर शर्टांच्या खाली जवळजवळ 80 सेंटिमीटरांची पोकळी उरते, आणि तिथे आपण काय ठेवतो, तर एखादी पिशवी, चुरगळलेली चादर, कधीचे तरी बूट. मधोमध घडी घालून हँगरवर टाकलेल्या पँटला 70 ते 75 सेंटिमीटर पुरतात; म्हणजे त्या पोकळीत पँटांची अख्खी दुसरी रांग मावते. मात्र लांब कपडे आणि आखूड कपडे सरमिसळ टांगलेले असतील, तर ही पोकळी दिसतच नाही. आधी सगळे लांब कपडे एका टोकाला घ्यावेत. मग उरलेल्या भागाखालची जागा आपोआप मोकळी होते.

दुसऱ्या दांडीसाठी सुतार बोलावण्याची गरज नाही. वरच्या दांडीला दोन साखळ्या अडकवून त्यांच्या खालच्या कड्यांतून एक दणकट नळी ओवली की काम झाले, आणि साखळीच्या कड्या बदलून तिची उंचीही कमीजास्त करता येते. परंतु एक गोष्ट मी अनुभवाने सांगतो. माझ्या कपाटात मी अशी दांडी लावली आणि महिन्याभराने एका रात्री दोन्ही रांगा एकदम खाली आल्या. दांडी मोडली नव्हती, तिला धरणाऱ्या ब्रॅकेटचे स्क्रू उपटले होते. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीत स्क्रूची पकड मुळातच कमी असते आणि मी तिच्यावर दुप्पट भार टाकला होता. त्यानंतर मी ब्रॅकेटच्या खाली, थेट तळापर्यंत पोहोचणारी एक लाकडी पट्टी उभी केली, म्हणजे भार स्क्रूवर न राहता पट्टीतून तळावर जातो. दांडी 90 सेंटिमीटरांहून लांब असेल, तर तिला मधेही आधार द्यावा, नाहीतर ती हळूहळू वाकत जाते.

आता फळ्यांकडे वळू. कपाटाची खोली साधारण 55 ते 60 सेंटिमीटर असते, कारण आडव्या हँगरला तेवढी लागते. पण घडी घातलेला शर्ट जेमतेम 30 सेंटिमीटर जागा घेतो. म्हणून फळीवर दोन रांगा होतात, आणि मागच्या रांगेतले कपडे पुढच्या ऋतूपर्यंत कुणाला आठवत नाहीत. यावर मला सर्वांत उपयोगी वाटलेला उपाय म्हणजे पुठ्ठ्याचे खोके: फळीच्या खोलीइतके लांब, पुढची बाजू निम्म्यावर कापलेले आणि तिला दोन भोके पाडून सुतळीचा फास लावलेले. तो फास ओढला की खोके ड्रॉवरसारखे बाहेर येते आणि मागचा कपडा पुढे येतो. त्यात कपडे एकावर एक न रचता पुस्तकांसारखे उभे लावावेत. टी-शर्टच्या बाह्या आणि कडा आत घ्याव्यात, मग लांबीत अर्धा आणि पुन्हा तीन घड्या. ती घडी टेबलावर आधाराशिवाय उभी राहिली तर जमली. उभ्या मांडणीत एक कपडा काढताना चळत कोसळत नाही, हे रोज सकाळी घाईत कपडे शोधणाऱ्याला फार मोलाचे आहे. लोकरीचे स्वेटर मात्र सैल घडी घालून आडवेच ठेवावेत. टांगले तर स्वतःच्या वजनाने ते खांद्यापाशी ताणले जातात. मोजे आणि रुमाल यांना बुटांची रिकामी खोकी पुरतात.

जाड लाकडी हँगरच्या जागी सडपातळ हँगर घेणे हा मी मान्य करतो असा जवळपास एकमेव खर्च आहे. रुंद खांद्याचा हँगर दांडीची 4 सेंटिमीटर जागा खातो, सडपातळ हँगर अर्ध्या सेंटिमीटरात भागवतो. जड कोटाला मात्र रुंद हँगरच हवा.

कपडे कमी करण्याविषयी फार बोलत नाही, कारण ते ज्याचे त्याने ठरवायचे असते. सर्व हँगरचे हूक उलट्या दिशेने अडकवावेत आणि वापरलेला कपडा सुलट टांगावा. वर्षभराने उलटे राहिलेले हूक पुरेसे बोलके असतात. कपाट बाहेरच्या भिंतीला असेल, तर मागे चार बोटे फट ठेवावी आणि पूर्ण न वाळलेला कपडा आत ठेवू नये, कारण ठासून भरलेल्या कपाटात दमटपणाला बाहेर पडायला वाट नसते.

जड पेट्या आणि पांघरुणे तळाशी ठेवावीत. वर जड सामान असलेले कपाट, विशेषतः लहान मूल ड्रॉवरला लोंबकळले तर, पुढे कलंडू शकते. दोन लोखंडी कोनपट्ट्यांनी कपाट भिंतीला पक्के बांधावे, आणि हे काम पहिल्याच दिवशी, मापे घेण्यासाठी कपाट रिकामे केलेले असतानाच उरकून घ्यावे.