साइज कमी करा, पण अक्षरांतून नको

मंडळी, विषय जाहीर झालाय तो असा की डिजिटल डॉक्युमेंट बनवताना इमेज, फॉन्ट आणि रंगाच्या सेटिंग कशा निवडायच्या. तिन्हींवर बोलणार आहे, पण आधी एका वाक्याबद्दल बोलू द्या, कारण बरेच दिवस ते मनात साठलंय. "फाइल मोठी झालीये, जरा कॉम्प्रेस करून पाठवा." ऐकलंय ना सगळ्यांनी? हे ऐकलं की माणूस तयार झालेली पीडीएफ उचलतो, पहिला जो कॉम्प्रेसर सापडेल त्यात टाकतो, आणि तो कॉम्प्रेसर मजकूर असलेली स्कॅन पानं, सही, शिक्का, फोटो, तक्ते सगळ्यांना एकाच मापाने दाबून फाइल बारीक करून देतो. मग सगळे साइज बघतात, नक्की काय गेलं ते कोणी उघडून बघत नाही.

साइज कमी करायला माझी अजिबात ना नाही. ती फोटोतून कमी करा, अक्षरांतून करू नका, आणि डॉक्युमेंट बनवतानाच करा, एवढंच माझं म्हणणं आहे. जेपेग म्हणजे फोटो दाबून साठवायची पद्धत, तिने एकदा टाकून दिलेली माहिती नंतर कुठल्याच बटणाने परत येत नाही.

आधी हिशोब बघा. ए-फोर पान ३०० पीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल किंवा ठिपके या हिशोबाने, स्कॅन केलं की २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल होतात, म्हणजे साधारण ८७ लाख. रंगीत असेल तर प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट, म्हणजे कॉम्प्रेस करण्याआधी अडीच कोटींच्या वर बाइट. तेच पान वर्डमधून थेट पीडीएफ केलं तर मजकूर काही किलोबाइटमध्ये बसतो, वर फॉन्टचा थोडा भार. आणि आपण करतो काय, टाइप केलेलं पत्र प्रिंट काढतो, सही करतो, स्कॅन करतो, मग फाइल मोठी झाली म्हणून दाबतो! अहो, फक्त सहीचं चित्र घ्या आणि ते पत्रात टाका ना, बाकी अक्षरं अक्षरंच राहू द्या. जिथे कागदावरचीच सही लागते तिथली गोष्ट वेगळी, तिथे स्कॅन करावंच लागतं, आणि मग स्कॅन नीट करावा लागतो.

नीट म्हणजे काय, त्यासाठी एक घडलेली गोष्ट सांगतो. जिथे बोलायला मिळेल तिथे मी ती सांगतो, कारण ती ऐकल्यावर लोक सेटिंगचा टॅब उघडायला लागतात. २०१३ सालची, जर्मनीतली. डेव्हिड क्रीझेल नावाचे एक संगणकतज्ज्ञ आहेत, त्यांच्याकडे एका इमारतीच्या प्लॅनची स्कॅन कॉपी आली. प्लॅनवर तीन खोल्यांची क्षेत्रफळं लिहिलेली, मूळ कागदावर १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर. स्कॅनमध्ये तिन्ही खोल्या १४.१३! डोळ्यांना दिसतंय की एक खोली दुसरीपेक्षा मोठी आहे आणि आकडा मात्र तोच. बरं, आकडा पुसट नाही, डाग नाही, फाटलेला नाही, अगदी स्वच्छ छापल्यासारखा, फक्त चुकीचा.

यात ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं, नव्हतं हं, लोकांना पहिल्यांदा तेच वाटतं. मशीन काही वाचतच नव्हतं. त्यात जेबिग-टू नावाची कॉम्प्रेशन पद्धत वापरलेली होती, आणि तिच्यात एक सोय असते की पानावरचे एकसारखे दिसणारे छोटे तुकडे शोधायचे, एकच साठवायचा आणि बाकीच्या जागी तोच चिकटवायचा. साइज जबरदस्त कमी होते. पण "एकसारखे" हे मशीनने ठरवायचं, आणि बारीक टायपातला ६ आणि ८ त्याला एकसारखे वाटले की एकाच्या जागी दुसरा बसला. क्रीझेल यांनी हे जाहीर केलं तेव्हा कळलं की असली मशीनं कितीतरी ऑफिसांत वर्षानुवर्षं चालू होती. मशीन बनवणाऱ्या कंपनीने आधी सांगितलं की कमी दर्जाच्या सेटिंगमध्येच असं होतं आणि तशी सूचना तिथे लिहिलेलीच आहे. म्हणजे विचार करा, अक्षर बदलू शकतं अशी सूचना सेटिंगच्या पानावर होती आणि ती वाचायला तिथे जातंय कोण! पुढे निघालं की वरच्या दर्जाच्या सेटिंगमध्येसुद्धा चूक होती, मग दुरुस्तीचं सॉफ्टवेअर काढावं लागलं. औषधाचा डोस, खात्याचा नंबर, जमिनीचं माप, काय काय असं स्कॅन झालं असेल, आणि मूळ कागद फाडून टाकलेला असेल तर तपासणार कशावरून? मला या गोष्टीत सगळ्यात जास्त भीती त्या स्वच्छपणाची वाटते. जेपेगने बिघडवलेलं अक्षर निदान बिघडलेलं दिसतं तरी.

तर मजकुराचा काळा-पांढरा स्कॅन असेल तर ग्रुप फोर किंवा कुठलंही लॉसलेस, म्हणजे काहीही टाकून न देता दाबणारं, कॉम्प्रेशन घ्या, जेबिग-टू घ्यायचंच असेल तर त्याचा लॉसलेस प्रकार, आणि ३०० पीपीआयच्या खाली उतरू नका. जेपेग फोटोसाठी. ते चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि डोळ्याला न जाणवणारा बारकावा टाकून देतं, आकाश, चेहरा, भिंत असेल तर उत्तम जमतं. अक्षराची कड म्हणजे पांढऱ्यातून एकदम काळं, तिथे ते अडखळतं आणि कडेला ती धुरकट पिसं दिसायला लागतात. स्क्रीनशॉट, तक्ते, लोगो यांना म्हणूनच पीएनजी, ते लॉसलेस असतं.

आपल्या लिपीला तर हे जास्तच लागू आहे. बारा पॉइंटचा टाइप १०० पीपीआयला आणला की अक्षराला वरपासून खालपर्यंत जेमतेम सतरा पिक्सेल मिळतात, त्यातच वेलांटी, रफार, उकार सगळं बसवायचं, आणि अनुस्वाराच्या वाट्याला एक-दोन पिक्सेल. जेपेगने तेवढे खाल्ले की 'वंश'चा 'वश' होतो. उलटंही होतं, काचेवर धुळीचा कण असला की 'भाग पहिला' वर टिंब येऊन 'भांग पहिला'. हसताय, पण प्रूफ तपासणाऱ्याला विचारा.

आणि फोटोंचं काय? स्क्रीनवरच वाचायचं असेल तर १५० पीपीआय बहुतेक वेळा पुरतं, छापायचं असेल तर ३००. रेझोल्यूशन अर्धं केलं की पिक्सेल पाव होतात, म्हणजे खरी बचत इथेच आहे. लिबरऑफिसच्या एक्सपोर्ट पीडीएफमध्ये हे समोरच दिसतं, लॉसलेस की जेपेग, क्वालिटी किती टक्के, रेझोल्यूशन कितीवर आणायचं. वर्डमध्ये ते ऑप्शन्समध्ये अ‍ॅडव्हान्स्डखाली दडलंय, इमेज कॉम्प्रेस करू नको असा चौकोन आहे तिथे. आणि फोटो मेसेजिंग अ‍ॅपवरून मागवलात तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर अ‍ॅपनेच तो आधी दाबलेला असतो.

संयोजकांची चिठ्ठी आलीये, दहा मिनिटं. फॉन्ट आणि रंग दोन्ही राहिलेत, त्यामुळे जरा पळतो.

फॉन्ट एम्बेड करा, म्हणजे फाइलच्या आतच भरून पाठवा, एवढं एक तरी घरी घेऊन जा. पीडीएफच्या जुन्या नियमांत चौदा फॉन्ट वाचणाऱ्याकडे असतीलच असं धरलेलं होतं, टाइम्स, हेल्वेटिका, कुरियरचे चार-चार प्रकार, वर सिम्बॉल आणि झॅप्फ डिंगबॅट्स. यात देवनागरी एकही नाही. म्हणजे तुमचा मराठी फॉन्ट फाइलबरोबर गेला नाही तर समोरच्याकडे काय दिसेल ते त्याच्या मशीनवर अवलंबून. सबसेट केला की फक्त वापरलेल्या अक्षरांपुरता फॉन्ट जातो, साइज फारशी वाढत नाही. तपासायचं कसं, तर रीडरमध्ये प्रॉपर्टीज उघडा, फॉन्ट्सचा टॅब, प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड सबसेट' दिसलं पाहिजे. काही फॉन्टच्या लायसन्समध्ये एम्बेड करायला मनाई असते, तशी खूण फॉन्टच्या आतच असते, आणि वर्डमध्ये अशा वेळी मजकुराचं चित्र करायचा पर्याय आहे, बिटमॅप टेक्स्ट म्हणून. झालं, अक्षर परत चित्र! असा फॉन्ट मुळातच निवडू नका, मुक्त लायसन्सचे मुक्ता, नोटो असे चांगले फॉन्ट आहेत.

आणि एम्बेड झालं म्हणजे संपलं असं नाही. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरवून दिलेला नंबर. जुने बिगर-युनिकोड फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागेवर देवनागरी आकार बसवतात, एम्बेड केले की दिसायला पान झकास, पण सर्च केलं की काही सापडत नाही आणि कॉपी केलं की रोमन कचरा येतो. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे हो! पीडीएफ झाली की त्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका, वेलांट्या जागेवर आहेत का बघा, युनिकोड फॉन्ट असूनही कधीकधी तिथे गडबड होते. प्रिंट टू पीडीएफ टाळा, सेव्ह अ‍ॅज किंवा एक्सपोर्ट वापरा, म्हणजे हेडिंगची रचना आणि लिंका टिकतात. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी ठेवा, फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात. वर्षानुवर्षं जपायचं डॉक्युमेंट असेल तर पीडीएफ-ए निवडा, २००५ पासूनचं आयएसओ स्टँडर्ड आहे, त्यात फॉन्ट एम्बेड करणं सक्तीचंच.

आता रंग, राहिलेल्या दोन मिनिटांत. स्क्रीनसाठी एसआरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा मिसळून रंग दाखवणाऱ्या आरजीबीचा नेहमीचा प्रकार. प्रेसला जाणार असेल तर सीएमवायके, म्हणजे चार शायांचे रंग, आणि रंगांचं कुठलं प्रोफाइल ते प्रेसला आधी विचारा, पीडीएफ-एक्स ही छपाईसाठीची पीडीएफ मागितली तर तीच द्या. मजकुराचा काळा मात्र एकट्या काळ्या शाईचाच ठेवा. आरजीबीतला काळा रूपांतर करताना चार शायांत वाटला जातो, आणि छपाईची प्लेट केसभर सरकली की बारीक अक्षरांना रंगीत सावली येते, बघा, इथेही मार अक्षरालाच. फिकट राखाडी मजकूर पांढऱ्यावर टाकू नका. अ‍ॅक्सेसिबिलिटीचा नियम साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडातला फरक, मागतो, मोठ्या टायपाला ३ ला १, आणि मोजायची टूल्स फुकट मिळतात. ग्राफमध्ये लाल आणि हिरवं एवढ्यावरच फरक दाखवू नका, बऱ्याच लोकांना ते वेगळे दिसत नाहीत, आणि ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटमध्ये तर कित्येकदा कोणालाच दिसत नाहीत, रेषेवर नाव लिहा किंवा एक रेष तुटक करा. पारदर्शक सावल्यांबद्दल बोलायचं राहिलं, ज्यांच्या फाइलींमध्ये तो त्रास आहे त्यांनी खाली भेटा, फाइल घेऊन या, उघडून बघू.