आई कशी आहे, विचार

तुरुंगातली जेवणाची वेळ. लांबच लांब टेबलांवर कैदी मान खाली घालून जेवतायत. कोडी जॅरेटला दूरच्या टोकाला एक नवा, ओळखीचा कैदी दिसतो. तो शेजारच्याला हळूच सांगतो, आई कशी आहे, विचार. निरोप या कानातून त्या कानात सरकत जातो, कॅमेराही त्याच्याबरोबर सरकतो. आणि त्याच वाटेने, ताटांवरून उत्तर परत येतं. आई गेली.

कोडीच्या घशातून आधी नुसतं कण्हणं निघतं. मग तो टेबलावर चढतो, भांडी उधळतो, समोर येईल त्या पहारेकऱ्याला ठोसे मारतो. शेवटी त्याला उचलून नेतात, तेव्हा तो लहान मुलासारखा टाहो फोडत असतो.

हा १९४९ सालचा हॉलिवूडचा सिनेमा, ‘व्हाइट हीट’. दिग्दर्शक राऊल वॉल्श, आणि कोडीच्या भूमिकेत जेम्स कॅग्नी.

हाच कोडी पुढे कोंबडीची तंगडी खात खात एका गाडीपाशी जातो. डिकीत माणूस कोंडलेला आहे. आत गुदमरतंय, म्हणतो बिचारा. कोडी पत्र्यातून गोळ्या झाडतो आणि खाणं चालूच ठेवतो.

एकाच छातीत हे दोन्ही कसं मावतं?

सिनेमा एक उत्तर देऊन टाकतो: वडील वेड्यांच्या इस्पितळात वारले. मला ते पटत नाही. वेडा ठरवलं की तो आपल्यातला राहत नाही, आणि आपण सुटतो. खरी गोष्ट दुसरीकडे आहे. लहानपणी आईने आपल्याकडेच बघावं म्हणून कोडी डोकं दुखल्याचं सोंग करायचा. पुढे ते खरंच दुखायला लागलं. टोळीचा म्होरक्या झाल्यावरही कळ आली की तो आईच्या मांडीवर बसतो. माया आटलेली नाही त्याची. ती सगळी एकाच माणसावर खर्च झाली आहे, डिकीतल्या माणसाच्या वाट्याला काही उरलेलंच नाही.

आई गेल्यावर ती जागा तो तुरुंगातल्या एका दोस्ताला देतो. तुरुंगात डोकं दुखलं तेव्हा मान त्या दोस्तानेच चोळून दिलेली असते. तो निघतो पोलिसांचा माणूस. शेवटी गॅसच्या पेटत्या टाकीच्या माथ्यावरून कोडी ओरडतो, तेही आईलाच उद्देशून.

१९९८च्या राम गोपाल वर्मांच्या ‘सत्या’ सिनेमातला गुंड भिकू म्हात्रे असाच उंचावर उभा राहतो. मनोज बाजपेयींचा तो समुद्राकाठचा प्रसंग आपल्याला पाठ आहे. मुंबईचा राजा कोण, विचारतो तोच आणि आपलं नाव घेतो तोच. म्हात्रे हे या किनाऱ्याचं जुनं आडनाव. इथल्याच मुलाला आपल्याच शहराला हे ओरडून विचारावं लागतं, तेव्हा मला त्या आवाजात माज कमी आणि धाकधूक जास्त ऐकू येते. लोक मात्र तेवढाच तुकडा कापून स्टेटसला ठेवतात, याचं मनापासून वाईट वाटतं. कारण त्याच सिनेमात पुढे, भाऊ नावाच्या ज्या पुढाऱ्यासाठी भिकू राबला, तोच त्याला गाफील गाठून गोळी घालतो. तेव्हा भिकूचा जिवलग दोस्त सत्या शेजारी नसतो. आणि घरी प्यारी असते, भिकूशी कडाकडा भांडणारी, त्याची बायको.