छातीत जळजळ नाही, तरी आवाज बसतो

श्रोतेहो, नमस्कार.

आवाज बसला की आपण दोष देतो थंड पाण्याला, नाहीतर लोणच्याला. मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या होतात, जेष्ठमधाची काडी चघळली जाते आणि आठवडाभरात घसा बहुधा ताळ्यावर येतोही. परंतु काहींचा आवाज रोज सकाळी घोगराच निघतो, दिवस वर चढेल तसा थोडा मोकळा होतो आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. सर्दी नाही, ताप नाही. केवळ घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते आणि सारखे खाकरावे लागते. अशा तक्रारीचे मूळ कधीकधी जठरात असते.

जठर आणि अन्ननलिका जिथे जुळतात तिथे स्नायूंचे एक वर्तुळ असते आणि अन्ननलिकेच्या वरच्या टोकाशी, स्वरयंत्राच्या अगदी मागे, दुसरे. खालचे अवेळी सैल पडले की जठरातले आम्ल सुमारे २५ सेंटीमीटर लांबीच्या अन्ननलिकेत चढते आणि वरच्यानेही वाट दिली तर ते थेट घशात पोहोचते. आम्लाला परतवून लावण्याची काही सोय अन्ननलिकेपाशी असते. स्वरयंत्राचे अस्तर मात्र फार नाजूक, त्यामुळे तिथे थोडेसे आम्लही पुरते. शिवाय त्याच्यासोबत पेप्सिन हा प्रथिने पचवणारा पाचकरस येतो आणि तो घशाच्या अस्तरात टिकून राहून पुढे आम्लाचा स्पर्श होताच पुन्हा कामाला लागतो, असे प्रयोगांत दिसले आहे.

आपल्याकडे या विकाराला ‘घशाशी येणे’ असा नेमका शब्दप्रयोग आहे, पण गंमत अशी की स्वरयंत्राचा त्रास होणाऱ्या अनेकांना घशाशी आल्याचे कळतच नाही. ना करपट ढेकर, ना छातीत जळजळ. म्हणून ‘मला पित्ताचा त्रासच नाही’ असे ते ठामपणे सांगतात. खाकरण्याची सवय मात्र दुखणे वाढवते, कारण प्रत्येक खाकरण्यात स्वरतंतू एकमेकांवर आदळतात, सूज वाढते, कफ चिकट वाटतो आणि पुन्हा खाकरावेसे वाटते. त्याऐवजी पाण्याचा घोट घेऊन गिळावे.

कीर्तनकार, गायक आणि नाटकातले कलावंत यांची दिनचर्या या विकाराला पोषकच म्हणावी लागेल. कार्यक्रम रात्री उशिरा संपतो, मग भरपेट जेवण आणि लगेच अंथरूण. गाताना पोटाच्या स्नायूंचा जोर लागतो, तो दाब जठरावरही येतो. त्यातच घसा साफ राहावा म्हणून पुदिन्याच्या गोळ्या चघळल्या जातात, आणि पुदिना तर खालचे वर्तुळ आणखी सैल करतो.

तरीही प्रत्येक घोगऱ्या आवाजाचे खापर पित्तावर फोडणे मला मान्य नाही. घशाची तक्रार सांगताच आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या लिहून देण्याची पद्धत रुळली आहे, पण ब्रिटनमध्ये ३४६ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशी गोळी दिवसातून दोनदा १६ आठवडे घेणाऱ्यांना नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा अधिक गुण आला नाही. म्हणून आवाज चार आठवड्यांत सुधारला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्यावे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याने, किंवा गिळताना त्रास, थुंकीत रक्त अथवा मानेत गाठ असणाऱ्याने तेवढीही वाट पाहू नये. स्वरयंत्राच्या कर्करोगाचे पहिले लक्षण बहुधा आवाजातला बदल हेच असते.

दुखणे आम्लाचेच ठरले, तर रात्रीचे जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवावे, जेवण बेताचे असावे, तंबाखू आणि मद्य सोडावे, पोट सुटले असेल तर वजन उतरवावे. डोक्याखाली उशांची चळत रचून मात्र उपयोग नाही, त्याने शरीर कमरेत दुमडते आणि पोट अधिकच दबते. पलंगाच्या उशाकडच्या दोन्ही पायांखाली विटा ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटीमीटर उचलावी. स्वरयंत्राची सूज उतरायला आठवडेच नव्हे, कधी महिनेही लागतात, तेव्हा चार दिवस लवकर जेवून आवाज सुटला नाही म्हणून पथ्य सोडू नये.

नमस्कार.