गोचीड कुठल्या खात्याची?

श्रोतेहो, नमस्कार.

मी गुराढोरांचा डॉक्टर. नोकरीची बहुतेक वर्षं सिंधुदुर्गात, सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत गेली. आज मी तुमच्याशी माणसांच्या एका तापाबद्दल बोलणार आहे. जनावरांच्या डॉक्टरचा माणसांच्या तापाशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.

फेब्रुवारीतली एक सकाळ सांगतो. एका वाडीवर गाय बघायला गेलो होतो. गायीने खाणं सोडलेलं. तिच्या कानांच्या आत, शेपटीच्या बुडाशी, कासेच्या वरच्या बाजूला गोचीडच गोचीड. गोठ्यात पातेरा, म्हणजे जंगलातला सुका पालापाचोळा, अंथरलेला, त्याच आठवड्यात डोंगरातून भारे बांधून आणलेला. गायीला औषध टोचून मी हात धूत होतो, तेवढ्यात घरधनीण म्हणाली, "डॉक्टरानू, माझ्या घोवाक दोन दिस ताप येता. तुमच्याकडे काय गोळी आसा?"

माझ्याकडे गोळी नव्हती. पण पडवीत पडलेल्या त्या माणसाजवळ गेलो. डोळे लालभडक. डोकं दोन्ही हातांनी गच्च धरलेलं. अंग एवढं दुखत होतं की कूस बदलतानाही तो कण्हत होता. गेल्या आठवड्यात कुठे कामाला होता, विचारलं. काजूच्या बागेत, साफसफाईला. तिथे वानर मेलेलं दिसलं का? त्याने मान हलवली. दिसलं नव्हतं, पण एका बाजूने कुजका वास येत होता, म्हणून ती बाजू सोडून दुसरीकडून काम चालू केलं होतं.

त्याला माझ्याच गाडीतून आरोग्य केंद्रात नेलं. रक्त तपासलं, माकडताप निघाला. माणूस वाचला, पण तीन आठवडे अंथरुणाला खिळून. त्या बागेतला वास मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही. तो वास तिथे काम करणाऱ्या सगळ्यांना आला होता. पण कुणी कुणाला कळवलं नाही, कारण कळवायचं कुणाला, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

आता हा माकडताप आहे काय? मार्च १९५७. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूर नावाच्या जंगलात वानरं मरून पडायला लागली. त्याच सुमारास आसपासच्या गावांतली माणसंही तापाने फणफणली. त्या वेळी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू होऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. आज आपण ज्या संस्थेला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, एनआयव्ही, म्हणतो, तीच ही. तिथल्या शास्त्रज्ञांच्या छातीत धस्स झालं, कारण वानरं मरतात आणि पाठोपाठ माणसं आजारी पडतात, ही पीतज्वराची खूण आहे. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला तो ताप भारतात कधीच नव्हता. तो शिरला असता तर काय झालं असतं, याचा विचारही नको. पण मेलेल्या वानरांच्या अवयवांतून जो विषाणू हाती आला, तो वेगळाच होता. त्याचे सगेसोयरे सापडले ते थेट रशियाच्या थंड प्रदेशातल्या मेंदूज्वरात. जंगलाच्या नावावरून त्याचं नाव पडलं क्यासनूर जंगल आजार. गावोगावच्या लोकांनी त्याला माकडताप केलं. आणि तो माणसापर्यंत पोचतो तो गोचिडीच्या चाव्यातून.

रशियातला भाऊबंद मलनाडच्या, म्हणजे कर्नाटकाच्या घाटपट्ट्यातल्या, जंगलात आला कसा? हे कोडं सोडवायला कोण पुढे आलं, ऐका. आपल्या मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आणि पक्षितज्ज्ञ सालिम अली. स्थलांतर करणारे पक्षी उत्तरेकडून अंगावर गोचीड घेऊन येतात की काय, हे बघण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचं मोठं काम १९५९ च्या सुमाराला सुरू झालं. पक्ष्यांनी हा रोग आणला, असं काही त्यातून सिद्ध झालं नाही. पण भारतातल्या पक्ष्यांच्या स्थलांतराबद्दल आपल्याला जे कळलं, त्याचा मोठा भाग या कड्यांमुळे कळला. एका तापाचा माग काढताना पक्षिशास्त्र पुढे गेलं. संशोधनाची ही चाल मला फार आवडते. एका विषयाचं बोट धरून निघालेला माणूस दुसऱ्याच अंगणात पोचतो, आणि ते अंगणही त्याचंच होऊन जातं.

रोग पसरवणारी गोचीड मी हातावर घेऊन पाहिली आहे. गायीच्या अंगावर रक्त पिऊन टरारलेली गोचीड तुम्ही सगळ्यांनी बघितली असेल. माणसाला चावते ती बहुतेक वेळा ही नव्हे. चावतं तिचं पिल्लू. खसखशीच्या दाण्याहून जरा मोठं, तिळाहून लहान. आठ पाय असतात, पण नुसत्या डोळ्यांनी ते मोजणं कठीण. पांढऱ्या रुमालावर ठेवलं तर धुळीचा कण समजून तुम्ही झटकून टाकाल. थोडा वेळ टक लावून बघितलं की तो कण चालायला लागतो. ही पिल्लं पातेऱ्यात वर येतात ती साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेपर्यंत. आणि आपला माणूस डोंगरात जातो तो नेमका कधी? कवळं तोडायला, पातेरा गोळा करायला, काजूची बाग बेणायला, मग बिया वेचायला. तेही याच महिन्यांत. दोघांचा हंगाम एकच.

आता वानराकडे वळू. वानराला ही पिल्लं चावतात. वानर तापाने मरतं. अंग गार पडलं की अंगावरच्या गोचिडी उतरून त्या जागी पातेऱ्यात पसरतात. म्हणजे वानर जिथे मरून पडलं, ती जागा पुढे बरेच दिवस धोक्याची राहते. या तापाच्या नावात माकड आहे म्हणून काही लोक वानरांवर राग काढतात, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. वानर या आजाराचा मालक नाही. ते आपल्याआधी आजारी पडतं, एवढंच. खरं तर ते मरून आपल्याला सावध करत असतं.

आणि गाय? गायीला या विषाणूने काही होत नाही. तिच्या रक्तात तो फारसा वाढतही नाही. पण पूर्ण वाढलेल्या गोचिडीला पोटभर रक्त मिळतं ते गायीकडून. ते पिऊन मादी खाली पडते आणि शेकड्यांनी अंडी घालते. जंगलात चरायला सोडलेली गुरं विषाणू देत नाहीत, गोचिडींची संख्या मात्र वाढवतात. म्हणून हा आजार माझ्या दारात येतो.

आता बघा. वानर मेलं तर ते वन खात्याचं. गाय आमची, पशुसंवर्धनची. तापाने फणफणलेला माणूस आरोग्य खात्याचा. आणि गोचीड? ती कुठल्या खात्याची? ती पातेऱ्यात असते तेव्हा कुणाचीच नसते. मी हे कुणावर ठपका ठेवायला म्हणत नाही. प्रत्येक खात्यातली माणसं जीव तोडून काम करताना मी पाहिली आहेत. पण हा विषाणू राहतो तोच मुळी या खात्यांच्या मधल्या फटीत.

त्या फटीची किंमत काय असते, ते २०१२ च्या अखेरीस कर्नाटकातल्या बंदीपूरला दिसलं. वाघांच्या त्या जंगलात वानरं मरत होती. ज्या कर्मचाऱ्यांनी ती उचलली, शवविच्छेदनाला हात लावला, जाळली, त्यांतल्याच काहींना माकडताप झाला. तोवर हा आजार मुख्यतः शिमोग्याच्या बाजूचा मानला जाई. पुढे केरळात वायनाडला तो दिसला. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात काजूच्या बागांतल्या कामगारांना झाला. २०१६ च्या सुरुवातीला आपल्या दोडामार्गात आला, पुढच्या वर्षी बांद्याच्या बाजूला. सह्याद्रीच्या कुशीतून तो उत्तरेकडे सरकत आला आणि आपण दर वेळी नव्याने दचकलो.

तेव्हा नमुने बर्फाच्या डब्यात घालून पुण्याला पाठवायचे, उत्तर येईपर्यंत काही दिवस जायचे. यात एक खोच आहे. रक्तात विषाणू सहज सापडतो तो तापाच्या पहिल्या आठवड्यात. पुढे विषाणू शोधून उपयोग नसतो, शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधावी लागतात. म्हणजे कुठली चाचणी कधी करायची, हे ताप कुठल्या दिवशी सुरू झाला त्यावर ठरतं. रुग्णाने 'दोनतीन दिवस झाले असतील' असं मोघम सांगितलं की घोटाळा होतो. आज या तपासणीसाठी ट्रूनॅट नावाचं बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र आहे. लहानशा चिपवर नमुना ठेवायचा, तासाभरात उत्तर. माकडतापाची त्यावरची चाचणी एनआयव्हीच्या शास्त्रज्ञांबरोबर बसवली गेली, आणि यंत्र बनवणारी मोलबायो ही कंपनी आपल्या शेजारच्या गोव्यातली. मोठी प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणीही ते चालतं. मला विचाराल तर तंत्रज्ञान असं हवं, पातेऱ्याच्या जितकं जवळ येईल तितकं चांगलं.

लसीची गोष्ट मात्र जपून सांगायला हवी. कर्नाटकात १९९० पासून एक लस दिली जात होती. महिन्याच्या अंतराने दोन डोस, मग पुढे बूस्टर. २००५ ते २०१० या वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दोन डोस घेतलेल्यांत तिचा उपयोग सुमारे ६२ टक्के आणि बूस्टर घेतलेल्यांत सुमारे ८३ टक्के निघाला. पण टोचल्यावर दुखायचं फार, म्हणून लोक दुसऱ्या डोसाला येतच नसत. पुढे लसीची ताकद कमी पडू लागली आणि ती बंद झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या पुढाकाराने नवी लस बनवण्याचं काम चालू आहे. ती हाती येईपर्यंत आपल्याकडे आहे ती सावधगिरी. विषाणूवर थेट काम करणारं औषध आजही नाही. उपचार होतात ते पाणी, क्षार, रक्तस्राव यांवर लक्ष ठेवून. शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावतात. आणि काही जणांना ताप उतरून आठदहा दिवस बरं वाटल्यावर पुन्हा ताप येतो, या वेळी डोकेदुखी आणि भ्रम घेऊन. म्हणून ताप उतरला की लगेच डोंगराची वाट धरू नका. ऍस्पिरिनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते संशोधन नकाशांचं आहे. काही वर्षांपूर्वी भारतातल्या आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी मिळून कर्नाटकाच्या घाटपट्ट्यात धोका कुठे जास्त, याचे नकाशे तयार केले. संगणकावर बसून ते एकट्याने काढले नाहीत. आधी आरोग्य, पशुसंवर्धन आणि वन अशा तिन्ही बाजूंच्या माणसांना एकत्र बसवून विचारलं, तुम्हाला कामासाठी काय कळायला हवं? मग उपग्रहावरून दिसणारं जंगल, बागायती, गुरांची गणना आणि रुग्णांच्या नोंदी एकावर एक ठेवल्या. धोका वाढलेला दिसला तो जिथे सदाहरित जंगल आणि बागा एकमेकांत घुसल्या आहेत आणि देशी गुरं पुष्कळ आहेत, तिथे. हे वाचलं आणि मला सिंधुदुर्गातल्या वाड्या डोळ्यांसमोर दिसल्या. वर राई, खाली काजू, मधे गोठा.

आता नागपूरला 'वन हेल्थ' या विषयाला वाहिलेली राष्ट्रीय संस्था उभी राहते आहे. २०२२ च्या डिसेंबरात तिची पायाभरणी झाली. माणूस, जनावर आणि जंगल यांचं आरोग्य एकत्र बघायचं, असा तिचा हेतू. माझी तिच्याकडून एकच अपेक्षा आहे. तिथल्या तरुण संशोधकांनी वर्षातून एक हंगाम तरी काजूच्या बागेत काढावा. पांढरं फ्लॅनेलचं फडकं काठीला बांधून पातेऱ्यावरून ओढत न्यावं, दर काही पावलांनी उलटून बघावं, चिकटलेले चालते ठिपके चिमट्याने बाटलीत घ्यावेत. अजूनही गोचिडी अशाच मोजतात. दिवसभर वाकून कंबर मोडते, आणि संध्याकाळी हातात काय, तर एक छोटी बाटली. पण कुठल्या जागी किती धोका आहे, हे त्या बाटलीतूनच कळतं.

आणि तुमच्याकडून? डोंगरात जाताना अंगभर कपडे घाला, पायजमा मोज्यांत खोचा, आरोग्य केंद्रात मिळणारं गोचीड पळवणारं तेल हातापायांना लावा. घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करा, कपडे गरम पाण्यात टाका. हंगामात जंगलातला पातेरा गोठ्यात अंथरू नका, भाताचा पेंढा वापरा. गुरांच्या गोचिडींचं औषध हंगाम सुरू होण्याआधी आमच्या दवाखान्यातून घेऊन जा. आणि मेलेलं वानर दिसलं तर हात लावू नका, पुरू नका, जाळू नका. पण त्याच दिवशी कळवा. आपल्या उन्हात दुसऱ्या दिवशी ते इतकं कुजतं की तपासायला काही उरत नाही. वनरक्षक, आरोग्यसेविका, आशाताई, पशुवैद्य, सरपंच, जो आधी भेटेल त्याला सांगा. पुढचं त्यांनी आपसात ठरवायचं.

परवाच्या जानेवारीत एका राखण्या पोराचा फोन आला. सकाळी आठ वाजता. "डॉक्टरानू, जांभळीखाली वानर मेला." दुपारपर्यंत वनरक्षक आला, आरोग्यवाले आले, मी अंगावर संरक्षक पोशाख चढवून नमुने घेतले. मग आम्ही तिघांनी मिळून त्या जांभळीभोवतीच्या पातेऱ्यावरून पांढरं फडकं ओढलं. पोरगं लांब दगडावर उभं राहून आमच्याबरोबर ठिपके मोजत होतं.